कोळी, कूली, कुली

२०१६ सालचा रेल्वे अर्थसंकल्प मांडताना सुरेश प्रभूंनी एक छोटीशी घोषणा केली होती. स्थानकांवरच्या कुलींना यापुढे 'सहायक' म्हणायचं. रेल्वेच्या कागदोपत्री ते 'लायसन्स्ड पोर्टर' होतेच. आता बोलण्यातही नवं नाव यावं, अशी अपेक्षा होती. घोषणेला टाळ्या मिळाल्या. फलाटावर मात्र लाल सदरा आणि दंडावर पितळी बिल्ला दिसला की प्रवासी अजून 'कुली' अशीच हाक मारतो.

त्या घोषणेमागे एक गृहीत होतं, की 'कुली' हा शब्द माणसाला कमीपणा आणतो. हे खरं आहे का? खरं असेल तर कधीपासून, आणि कोणाला? याचं उत्तर तुम्ही कोणत्या बंदरावर उभे राहून विचारता त्यावर ठरतं. डर्बनमध्ये ही शिवी आहे. जकार्तात 'कुली बांगुनान' म्हणजे बांधकामावरचा मजूर, बस्स. इंग्रजी कोशांत या शब्दापुढे 'अपमानकारक' अशी खूण असते. आपल्याकडे मात्र १९८३ साली याच नावाच्या चित्रपटात अमिताभ बच्चन ७८६ क्रमांकाचा बिल्ला लावून नायक झाला, आणि २०२५ साली रजनीकांतच्या चित्रपटालाही निर्मात्यांना हेच नाव घ्यावंसं वाटलं. इंग्रजीत गेलेल्या भारतीय शब्दांची यादी लांबलचक आहे, पण बंगला, शाम्पू, पायजमा यांच्या वाट्याला असलं काही आलं नाही. ते शब्द वस्तूंचे होते, हा माणसाचा होता.

सुरुवात व्युत्पत्तीच्या वादापासून करावी लागते, कारण त्या वादात आपला कोकणकिनारा थेट गुंतलेला आहे. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली निघाला. त्यांचा कौल 'कोळी' या नावाकडे होता. गुजरात आणि उत्तर कोकणातल्या कोळ्यांशी पोर्तुगिजांचा संबंध आला, त्यांच्या जातीचं नाव हलक्या कामाच्या कोणत्याही माणसाला लागू झालं आणि पोर्तुगिजांनीच ते पुढे दक्षिणेत आणि चीनपर्यंत नेलं, अशी ही मांडणी. तिला आधारही जुने आहेत. १५४८ च्या एका पोर्तुगीज महसुली नोंदवहीत मासेमारी करणाऱ्या 'कोलें'कडून घ्यायच्या कराचा उल्लेख आहे. लिन्सखोटेन या डच प्रवाशाच्या वृत्तांताचं इंग्रजी भाषांतर १५९८ साली आलं. त्यात हेच लोक लुटारू म्हणून येतात. १६७० च्या दशकात इकडे फिरलेल्या जॉन फ्रायरनेही रामनगरच्या रानातल्या लोकांना 'कूलीज' म्हटलं आहे, आणि त्याला अभिप्रेत आहेत ते डोंगरातले कोळी.

हे सगळे उल्लेख बारकाईने पाहिले की एक गोष्ट खटकते. यातल्या एकाही ठिकाणी कोळी कोणाचं ओझं वाहत नाही. तो मासे मारतो, कर भरतो, रानात राहतो, वाटमारी करतो असं सांगितलं आहे. ज्यांना वरळी-माहीमचे कोळीवाडे आणि सह्याद्रीतले महादेव कोळी ठाऊक आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. होडी आणि जाळं ज्याच्या मालकीचं तो दुसऱ्याच्या पेट्या उचलायला सहसा जात नाही. ओझं वाहणारा माणूस कागदात सापडतो तो उलट्या किनाऱ्यावर. विल्यम ब्रुटन हा इंग्रज १६३३ साली मच्छलीपट्टणहून ओरिसात गेला. १६३८ साली छापलेल्या त्याच्या वृत्तांतात सामान वाहणाऱ्यांना 'काउलर्स' म्हटलं आहे आणि ते म्हणजे हमाल, असा खुलासाही त्यानेच केला आहे. १६८० च्या मद्रासमधल्या एका सरकारी हुकमात दवंडी पिटून सुतारांबरोबर कुलींना बोलावल्याची नोंद मिळते. म्हणजे फ्रायर पश्चिमेकडे 'कूली' म्हणून रानटी टोळीचं वर्णन करत होता त्याच सुमाराला मद्रासेत त्याच शब्दाने रोजावरचा माणूस समजला जात होता.

मद्रासेतला अर्थ कुठून आला हे शोधायला लांब जावं लागत नाही. तमिळमध्ये 'कूली' म्हणजे मजुरी, केलेल्या कामाचा मोबदला. हा शब्द तिरुक्कुरळमध्येही आहे, म्हणजे युरोपीय जहाजं यायच्या कितीतरी शतकं आधीचा. कन्नड आणि मल्याळममध्येही तो मजुरी याच अर्थाने आहे, तेलुगूत मजुरी आणि मजूर या दोन्ही अर्थांनी. श्रीलंकेत सिंहली माणूस घर भाड्याने देतो तेव्हा 'कुली' हाच शब्द वापरतो. एच. एच. विल्सनने १८५५ च्या आपल्या महसुली शब्दकोशात हेच मूळ मानलं होतं. यूल-बर्नेलना ते माहीत होतं, त्यांनी त्याची नोंदही केली, पण तरी कोळ्यांना झुकतं माप दिलं.

तिसरा दावेदार तुर्की. 'कुल' म्हणजे गुलाम किंवा सेवक. मुर्शिद कुली खान, कुली कुतुबशाह या नावांतला 'कुली' तोच. उर्दूत 'कुली' लिहिताना जो कंठ्य 'क़' वापरतात तो या नावांच्या संगतीने आलेला असावा. लेखनावर छाप पडली म्हणून अर्थही तिथूनच आला असं होत नाही. चिनी मूळ तर अजिबात खरं नाही. चिनी भाषेत 'कू-ली' ज्या दोन चिन्हांनी लिहितात त्यांचा अर्थ 'कडू' आणि 'बळ' असा होतो, आणि तो इतका चपखल आहे की अनेकांना तेच मूळ वाटतं. पण ती परक्या शब्दाच्या उच्चारासाठी निवडलेली चिन्हं आहेत. भारतातल्या नोंदी त्याहून बऱ्याच जुन्या आहेत.

माझा कौल तमिळकडे आहे. कोळ्यांचं नाव पोर्तुगीज कागदांत आधीपासून तयार होतं, त्यामुळे स्पेलिंग आणि उच्चार तेवढे घट्ट झाले असावेत. कोशकारांनी कोळ्यांना झुकतं माप दिलं याचं कारण मला अगदी साधं दिसतं: त्यांच्या हाती आलेले सर्वांत जुने कागद पश्चिम किनाऱ्यावरचे होते. जुना कागद आणि जुना अर्थ एकच असतात असं थोडंच आहे?

अर्थात जातीच्या नावाचं कामाचं नाव होऊच शकत नाही, असं म्हणता येणार नाही. याचं उदाहरण विसाव्या शतकात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं आहे. 'शेर्पा' हे नेपाळच्या पूर्वेकडल्या डोंगरात राहणाऱ्या एका समाजाचं नाव. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत हिमलोट कोसळून सात भारवाहक मेले. त्या काळच्या इंग्रज गिर्यारोहकांच्या लेखनात या लोकांचा उल्लेख सर्रास 'कुली' असा होतो. १९५३ साली तेनझिंग शिखरावर उभा राहिला तोवर शब्दांची अदलाबदल झाली होती. आता 'शेर्पा' म्हणजे निष्णात वाटाड्या, आणि जी-२० च्या बैठकांची पूर्वतयारी करणाऱ्या राजनैतिक अधिकाऱ्यालाही शेर्पाच म्हणतात. भारताकडून ते पद अमिताभ कांत यांच्याकडे होतं. पाठीवरचं ओझं तेच आणि साहेबही तेच, तरी एक शब्द राजशिष्टाचारात गेला आणि दुसरा शिव्यांत. तेव्हा 'कुली'च्या घसरणीचं खापर हमालीवर फोडता येत नाही. कारण शोधायचं तर १८३४ सालाकडे वळलं पाहिजे.

ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ साली झाला आणि पुढच्या ऑगस्टपासून लागू झाला. उसाच्या मळेवाल्यांना हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून ३६ मजूर मॉरिशसला उतरले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. कलकत्त्याच्या कागदपत्रांत अशा मजुरांना 'हिल कुली' किंवा 'धांगर' म्हणत. हे धांगर म्हणजे छोटा नागपूरचे उरांव आणि मुंडा. आपल्या धनगरांशी त्यांचा काही संबंध नाही. जानेवारी १८३६ मध्ये जॉन ग्लॅडस्टनने, म्हणजे पुढे चारदा इंग्लंडचा पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनच्या वडिलांनी, कलकत्त्याच्या एका पेढीला पत्र लिहून गियानातल्या आपल्या मळ्यांसाठी असेच मजूर मागवले. ५ मे १८३८ रोजी दोन जहाजं तिथे पोचली. पुढे त्रिनिदाद १८४५, नाताळ १८६०, सुरीनाम १८७३, फिजी १८७९. सगळे मिळून तेरा लाखांच्या आसपास माणसं गेली. त्यांतली साडेचार लाख एकट्या मॉरिशसला.

या घाऊक वाहतुकीत 'कुली' शब्दाचा अर्थ दोन अंगांनी बदलला. पहिलं म्हणजे तो कामाचा न राहता माणसाचा झाला. मद्रासचा हमाल संध्याकाळी पैसे घेऊन घरी गेला की हमाल राहत नसे. मळ्यावरचा कुली झोपेतही कुलीच असे. परवान्याशिवाय मळा सोडला तर तुरुंग, कामावर गेला नाही तर दंड. कराराचा भंग हा दिवाणी मामला न मानता फौजदारी गुन्हा ठरवला होता. डच लोकांनी तर १८८० साली सुमात्रासाठी केलेल्या वटहुकमाचं नावच 'कुली वटहुकूम' असं ठेवलं. मॉरिशसमध्ये प्रत्येकाला नोंदणी क्रमांक मिळे, पुढे छायाचित्रही काढलं जाई. हे दफ्तर मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आज जपून ठेवलेलं आहे आणि आपले पणजोबा कोणत्या गावचे हे शोधायला लोक तिथे जातात.

दुसरा बदल वंशाचा. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई अशा तीन बंदरांतून गेलेली माणसं भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी बोलत. मुंबईहून मॉरिशसला गेलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या मुलखातले लोक बरेच होते. त्यांच्या वंशजांची मराठी मंडळं तिथे आहेत, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. पण उतरवून घेणाऱ्याच्या लेखी हे सगळे एकाच नावाचे. नाताळमध्ये तर जहाजातून स्वतःच्या पैशाने आलेला गुजराती व्यापारीही 'कुली मर्चंट' ठरला. १८९३ साली तिथे गेलेले गांधी 'कुली बॅरिस्टर' झाले. आत्मकथेत त्यांनी याबद्दल लिहिलं आहे, आणि तमिळ नावांच्या शेवटी येणाऱ्या 'स्वामी'चा 'सामी' करून तोही हाक मारायला कसा वापरत, हेही सांगितलं आहे. जोहान्सबर्गमधली हिंदी लोकांची वस्ती म्हणजे 'कुली लोकेशन'. हातात कायद्याची सनद असलेल्या माणसालाही जो शब्द चिकटतो तो आता धंद्याचा उरलेला नाही. जमैकात तर तो झाडाला चिकटला: हिंदुस्थानातून गेलेल्या बोराला तिथे 'कुली प्लम' म्हणतात.

अमेरिकेतली कथा वेगळ्या वळणाची आहे. तिथे कुली म्हणजे चिनी. १८४७ ते १८७४ या काळात क्यूबात सव्वा लाखाच्या आसपास चिनी मजूर नेले गेले, आणि त्यांचे हाल गुलामांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. फेब्रुवारी १८६२ मध्ये लिंकनने अमेरिकी जहाजांना हा 'कुली व्यापार' करायला मनाई करणाऱ्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात चिनी मजुरांवर महिना अडीच डॉलरचा कर बसवणारा 'कुलीविरोधी' कायदा आला. पहिला कायदा कुलीला गुलाम समजून त्या व्यापाराला आळा घालणारा, दुसरा त्याच कुलीला गोऱ्या कामगाराच्या पोटावर पाय देणारा समजून हाकलणारा. या दुसऱ्या प्रवाहाची परिणती १८८२ च्या चिनी प्रवेशबंदीत झाली. मून-हो जंग या इतिहासकाराने २००६ च्या आपल्या ग्रंथात दाखवलं आहे, की कुली हा स्वतंत्र की गुलाम हा प्रश्न अमेरिकी राजकारणात सोयीप्रमाणे दोन्ही बाजूंनी वापरला गेला. लंडनचं सरकार मात्र त्याच काळात छातीठोकपणे सांगत होतं की आमचे कुली स्वखुशीने करार करतात. या दाव्यावर घरातूनही प्रश्न आले. १८४० मध्येच लॉर्ड जॉन रसेलने ही गुलामीचीच नवी पद्धत ठरेल अशी भीती बोलून दाखवली होती. ह्यू टिंकरच्या १९७४ च्या गाजलेल्या इतिहासग्रंथाचं नाव तिथूनच आलं.

या सगळ्यात मजुरांनी स्वतःला काय म्हटलं? 'ॲग्रिमेंट'चं 'गिरमिट' केलं आणि स्वतःला गिरमिटिया म्हणवून घेतलं. सुरीनाममध्ये 'कंत्राकी'. एकाच जहाजातून आलेले ते 'जहाजी भाई', आणि हे नातं लग्नसंबंध जुळवताना सख्ख्या नात्यासारखं पाळलं जाई. साहेबाने त्यांच्या भाषेतून शब्द उचलून त्यांनाच डाग दिला, त्यांनी साहेबाच्या भाषेतून उचलून आपली ओळख घडवली. मला या अख्ख्या इतिहासात हा भाग सगळ्यांत चलाख वाटतो, कारण 'गिरमिट' म्हटलं की कागदावरची अट आणि तिची मुदत दोन्ही डोळ्यांसमोर राहतात.

ही पद्धत बंद पाडण्यात पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचा वाटा मोठा आहे. फेब्रुवारी १९१० मध्ये कायदेमंडळात त्यांनी नाताळला होणारी भरती थांबवण्याचा ठराव आणला, आणि १९११ मध्ये ती थांबली. मार्च १९१२ मध्ये सगळीच करारपद्धत रद्द करण्याचा त्यांचा ठराव मात्र फेटाळला गेला. १९१७ साली निर्यात थांबली आणि १९२० पासून उरलेले करारही संपुष्टात आले. गोखले ते पाहायला नव्हते.

देशातल्या देशात हा शब्द आणखी एका विचित्र जागी पोचला. कुमाऊँच्या डोंगरात इंग्रज अधिकारी दौऱ्यावर आले की गावकऱ्यांनी त्यांचं सामान पाळीपाळीने फुकट वाहायचं, त्यासाठी गावाच्या प्रधानाकडे नावांच्या वह्या ठेवलेल्या. या प्रकाराला 'कुली-बेगार' म्हणत. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणी मेळ्यात बद्रीदत्त पांडे यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी त्या वह्या शरयूच्या पात्रात फेकून दिल्या. तमिळमध्ये ज्याचा अर्थ मजुरी, तो शब्द हिमालयात बिनमजुरीच्या कामाला लागला होता. याच्या नेमकं उलट आपल्याकडे झालं आहे. फारसी 'बेगार' म्हणजे मोबदल्याशिवाय करून घेतलेलं काम; त्यावरून आलेला मराठी 'बिगारी' मात्र गवंड्याच्या हाताखाली रोज घेऊन काम करतो आणि संध्याकाळी पैसे मोजून घेतो. वेठबिगार म्हटलं की जुना अर्थ जागा होतो, नुसत्या बिगाऱ्यात तो उरलेला नाही.

मराठीला 'कुली'ची तशी गरज कधी पडलीच नाही. अरबीतून आलेला 'हमाल' होता, 'मजूर' होता, पुढे 'माथाडी' रूढ झाला. स्थानकावरचा कुली हिंदीच्या बोटाला धरून आला आणि स्थानकापुरताच राहिला. 'हमाल' हाही काही फार प्रतिष्ठेचा शब्द नव्हता. पण बाबा आढावांच्या संघटनेने पुण्यात 'हमाल पंचायत' हेच नाव अभिमानाने घेतलं, आणि १९६९ साली महाराष्ट्रात जो कायदा झाला त्याच्या नावातच माथाडी आणि हमाल दोघेही आहेत. त्या कायद्याने मंडळं आली, मजुरीचे दर ठरले, भविष्यनिर्वाह निधी आला. शब्द बदलायची मागणी मागे पडली. 'सहायक'च्या घोषणेत नेमकं हेच नव्हतं, म्हणून तो शब्द फलाटावर रुजला नाही, असं मला वाटतं.

साहित्यात या शब्दाचं काय झालं याचा आढावा वेगळा घेता येईल. मुल्कराज आनंदांच्या १९३६ च्या 'कुली' कादंबरीतला मुनू मुंबईच्या गिरणीतही राबतो आणि शेवटी सिमल्यात रिक्षा ओढता ओढता क्षयाने मरतो; तिथे कुली हा वर्ग आहे, वंश नाही. वसाहतींत जन्मलेल्या लेखकांना मात्र वंशाच्या शिवीशीच झुंजावं लागलं. गियानाच्या राजकुमारी सिंग यांनी १९७३ मध्ये 'होय, मी कुली' अशा थाटाचा लेख लिहून शब्द आपल्याकडे खेचून घेतला. मॉरिशसच्या खाल तोराबुली या कवीने १९९२ मध्ये 'कुलिट्यूड' ही संज्ञा मांडली, आफ्रिकी वंशाच्या कवींच्या 'नेग्रिट्यूड'च्या धर्तीवर. गायुत्रा बहादूर यांनी आपल्या पणजीचा शोध घेणाऱ्या २०१३ च्या पुस्तकाचं नाव 'कुली वुमन' असं ठेवलं. मॉरिशसने मात्र उलटी वाट धरलेली दिसते. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर मजूर उतरत त्याचं जुनं नाव 'कुली घाट'. ते बदलून 'आप्रवासी घाट' झालं आणि त्याच नावाने २००६ मध्ये युनेस्कोने तो जागतिक वारसा म्हणून नोंदवला.

शब्द पुसावा की परत मिळवावा, याबद्दल त्या त्या ठिकाणच्या लोकांचा निर्णय प्रमाण मानावा. आसामच्या चहामळ्यांतल्या आदिवासींना तो नको असेल तर बाहेरच्या कोणी त्यांना व्युत्पत्ती ऐकवण्यात अर्थ नाही. फक्त सरसकट सगळीकडे तो घाण ठरवताना एक भान ठेवलेलं बरं. ज्या भाषेतून तो बहुधा निघाला तिथे तो आजही धडधाकट आहे. कोइंबतूर-तिरुप्पूर भागातले यंत्रमागवाले माग बंद ठेवून संप करतात तेव्हा त्यांची मागणी 'कूली उयर्वु' अशीच असते, म्हणजे मजुरीत वाढ.